आधी काडतूस, मग बंदूक



मागच्या पंधरवड्यात आपल्या शेती कार्यक्रमात भुईमुगाच्या राखणीविषयी मी दहा मिनिटे बोललो. त्यानंतर पुष्कळ पत्रे आली, आणि त्यांतल्या बऱ्याच पत्रांत एकच प्रश्न होता: "पीकसंरक्षणाच्या परवान्यावर बंदूक घ्यायचा विचार आहे, कोणती घ्यावी?" रेडिओवर या प्रश्नाला पुरेसा वेळ देता येत नाही, म्हणून यावेळचे पत्रक याच विषयावर काढले आहे.

प्रश्न बंदुकीचा असला तरी उत्तर काडतुसापासून सुरू करावे लागते. ते का, हे आमच्या भागातल्या एका वाडीवर मी स्वतः पाहिले. डोंगराच्या कडेला दीड एकर भुईमूग. शेंगा भरत आलेल्या, काढणीला पंधरा-वीस दिवस राहिलेले. मी सकाळी पोचलो तेव्हा रान कुणीतरी उलटसुलट नांगरून टाकल्यासारखे दिसत होते. डुकरांचा कळप रात्री दोनदा येऊन गेला होता. शेताचे मालक, सत्तरीचे आबा, माळ्यावर बसून होते आणि मांडीवर बंदूक होती. वडिलांच्या वेळची, इंग्रजी बनावटीची, दुनळी, सोळा बोअरची. परवाना चालू, नळ्या आतून आरशासारख्या. काडतुसे मात्र घरात तीनच. दोन कागदी नळीची, पावसाळी दमटीने फुगलेली, ती आत जाईनात. तिसरे बसले, आबांनी चाप ओढला, नुसता 'टच्' आवाज झाला. कळप हुसकण्यापुरता एक बार निघाला असता तरी अर्धे रान वाचले असते.

आबा मला म्हणाले, "साहेब, बंदूक सोन्यासारखी हाय वो. पण हिच्या पोटात घालायला काय मिळंना झालंय. कोल्हापूरला दोनदा जाऊन आलो. दुकानदार म्हणतोय, सोळाचं सोडा आबा, बाराचं मागा."

बंदूक एकदा घेतली की ती पन्नास वर्षे टिकते. काडतूस दर हंगामाला लागते. जे काडतूस आपल्या जिल्ह्याच्या दुकानात बारा महिने मिळते, त्याच मापाची बंदूक घ्यावी. बाकी सगळा विचार, म्हणजे वजन, दस्ता, एकनळी की दुनळी, नवी की जुनी, हा नंतरचा.

बोअर म्हणजे काय?

बोअर हा शब्द सगळे वापरतात, पण त्याचा अर्थ फार थोड्यांना ठाऊक असतो. हिशोब जुना आणि मजेशीर आहे. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम शिसे घ्या. त्याच्या सारख्या बारा गोळ्या करा. त्यांतली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती नळी बारा बोअरची. सोळा गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान होणार, म्हणून सोळा बोअरची नळी बारीक. वीस बोअरची त्याहून बारीक. आकडा वाढला की नळीचे तोंड लहान होते. बारा बोअरच्या नळीचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर, सोळाचा पावणेसतरा, विसाचा साडेपंधराच्या आसपास. रायफलीचा आकडा मात्र वेगळ्या हिशोबाचा. ३१५ म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यांतले ३१५ भाग, म्हणजे आठ मिलिमीटर. तिथे आकडा वाढला की नळीही मोठी होते. हे दोन हिशोब एकमेकांत मिसळू नयेत.

आता आपल्याकडे मिळते काय ते पाहू. बारा बोअरचे काडतूस आपल्याच राज्यात, पुण्याजवळ खडकीच्या सरकारी दारूगोळा कारखान्यात होते. 'शक्तिमान' हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी डब्यावर वाचले असेल. हा कारखाना १८६९ सालचा आहे आणि २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. देशात माल तयार होतो, मागणी मोठी आहे, त्यामुळे दुकानदारही तोच माल भरतो. सोळा आणि वीस बोअरचे गिऱ्हाईक थोडे. एखाद्याने मागितले म्हणून दुकानदार पेटी मागवील आणि ती दोन वर्षे फळीवर पडून राहील. मग तो मागवतच नाही. यात त्याचा दोष नाही, आपणही खपणारेच बियाणे दुकानात मागतो.

अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी हाच धडा दीडशे वर्षांपूर्वी गिरवला. तिथे चापाखालची कडी पुढे-मागे करून काडतूस भरायची रायफल फार चालते, तिला ते लिव्हरची रायफल म्हणतात. विंचेस्टर कंपनीने १८७३ च्या नमुन्यासाठी चव्वेचाळीस-चाळीस नावाचे काडतूस काढले. पाचेक वर्षांत कोल्ट कंपनीने आपले रिव्हॉल्व्हरही त्याच काडतुसाचे केले. दूरच्या माळावर गुरे राखणाऱ्याला एकाच पट्ट्यातली काडतुसे दोन्ही हत्यारांना चालू लागली, आणि गावच्या वाण्यालाही एकच माल ठेवला की भागू लागले. पुढे विंचेस्टरचा १८९४ चा नमुना आला. तो बत्तीस-चाळीस, अडतीस-पंचावन्न, पंचवीस-पस्तीस, तीस-तीस अशा निरनिराळ्या मापांत निघाला. बाहेरून पाहिले तर सगळ्या रायफली सख्ख्या बहिणी. यांतले तीस-तीस हे माप लोकांनी उचलून धरले आणि आज सव्वाशे वर्षांनंतरही तिकडच्या लहान गावातल्या दुकानात ते मिळते. बाकीच्या मापांचे काडतूस कारखाना कधीमधी काढतो, तेव्हा शोधत फिरावे लागते. म्हणजे एकाच कारखान्याची, तितकीच चांगली रायफल, पण माप चुकले म्हणून ती खुंटीला टांगलेली. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत तर अमेरिकेत रोजच्या मापांच्या काडतुसांचाही तुटवडा पडला, तेव्हा ज्यांनी घरी पेटी-दोन पेट्या राखून ठेवल्या होत्या त्यांचेच निभावले.

त्यांच्याकडे शिकारीला परवानगी असते, आपल्याकडे ती नाही, हा फरक मोठा आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे. काडतुसाचा हिशोब मात्र दोन्हीकडे सारखाच.

रायफल हवी का?

काही तरुण मंडळी विचारतात, "साहेब, ३१५ घेतली तर लांबून टिपता येईल की!" ३१५ ची रायफल आपल्या देशात होते, पश्चिम बंगालमधल्या इच्छापूरच्या कारखान्यात, आणि तिचे काडतूसही मिळते. तरीही पीकराखणीसाठी मी तिची शिफारस करीत नाही. एक तर कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक सांगितली आहे, आणि ती पुरेशी नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, जिची नळी वीस इंचांहून कमी नाही अशी. रायफलीच्या नळीला आत पेच असतात, ती या कलमात बसत नाही. दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. छऱ्याचा बार पस्तीस-चाळीस पावलांपलीकडे फारसा कामाचा राहत नाही, आणि वाडी-वस्तीच्या भागात हाच त्याचा गुण आहे. रायफलीची गोळी चुकली तर दोन-अडीच किलोमीटरवरही माणूस मारू शकते. अगदी बारक्या २२ च्या गोळीची पोचही दीड-दोन किलोमीटरची आहे. आपल्याकडे दोन किलोमीटरच्या आत कुणाची ना कुणाची वस्ती, गोठा, पाण्याची पाळी धरायला गेलेला माणूस असतोच.

३०३ चे नावही काढू नये. ते आणि ७.६२ मिलिमीटर ही मापे फौजेची व पोलिसांची, सामान्य परवान्यावर ती मनाई आहेत. इंग्रजांच्या काळापासून ३०३ वर अशी बंधने होती, म्हणून तर ३१५ सारखी मापे इकडे रुळली. कुणी "माल आहे" म्हणून कानाशी लागला तर त्याला दारातून परत पाठवा.

ठासणीच्या बंदुकीचे काय?

सिंधुदुर्गात आणि घाटमाथ्यावर ठासणीच्या बंदुका अजून पुष्कळ आहेत. तिला काडतूस लागत नाही म्हणून लोकांना वाटते की ती सोयीची. पण तिच्याही पोटाला तीन जिन्नस लागतात: दारू, छरे आणि टोप्या. हे तिन्ही एका वेळी एका दुकानात मिळाले तर आपले नशीब म्हणायचे. टोप्या आहेत तर दारू नाही, दारू आहे तर ती दमटलेली. काळी दारू हवेतली ओल पटकन ओढते, आणि आपल्याकडचा पावसाळा चार महिन्यांचा. नेमके भात आणि नाचणी निसवायच्या वेळी बंदूक फुसकी निघते.

मग माणूस नको ते करतो. फटाके फोडून त्यातली दारू काढतो, टोपीऐवजी काड्यापेटीचा गूल लावतो. बंधूंनो, हे करू नका. फटाक्याची दारू आणि बंदुकीची दारू दिसायला सारखी, पण जळायची रीत वेगळी. तिने नळी फाटते आणि ती फाटते तुमच्या डाव्या हाताच्या तळव्याशी. उजव्या हाताला दोनच बोटे उरलेले एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. दारू ठासताना उडाली. ते आता काजूच्या बिया एका हाताने सोलतात.

ठासणीची बंदूक पुरत नाही असे वाटत असेल तर तसे कारणासह अर्जात लिहावे: क्षेत्र किती, पिके कोणती, गेल्या दोन-तीन हंगामांत नुकसान किती, वन खात्याचे पंचनामे कोणते. दारू-टोप्या मिळत नाहीत हेही लिहावे. ते खरे कारण आहे, लपवायचे नाही.

जुनी बंदूक घेताना

बारा बोअर ठरली, आता नवी परवडत नाही म्हणून जुनी घ्यायची, असे पुष्कळदा होते. इथे तीन गोष्टी पाहाव्यात आणि त्या दुकानातल्या जाणत्या कारागिराकडून पाहून घ्याव्यात.

पहिली, काडतूस बसते त्या घराची लांबी. जुन्या इंग्रजी बंदुकांचे घर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचे असते. आज ७० मिलिमीटरची काडतुसेही मिळतात. लांब काडतूस आखूड घरात बसते, हीच गोम आहे. बार निघताना त्याचे तोंड उलगडायला जागा राहत नाही, आतला दाब वाढतो आणि बंदुकीला धोका होतो. नळीवर आणि काडतुसाच्या डब्यावर लिहिलेले आकडे जुळवून घ्यावेत. दुसरी, नळीची जात. फार जुन्या बंदुकांच्या नळ्या लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या असतात, वर नागमोडी नक्षी दिसते. दिसायला सुंदर, पण त्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या. आजच्या धूर न करणाऱ्या दारूच्या काडतुसासाठी नाहीत. 

तिसरी गोष्ट घरात दोन मापांच्या बंदुका असतील तर. बारा बोअरच्या नळीत चुकून वीस बोअरचे काडतूस टाकले तर ते घरात न थांबता पुढे सरकते आणि नळीत अडकते. वरून पाहिले तर घर रिकामे दिसते. माणसाला वाटते, भरायचे राहिले. तो बाराचे काडतूस घालतो आणि चाप ओढतो. पुढे काय होते ते सांगायला नको. म्हणून एका घरात एकच माप असावे, आणि शेजाऱ्याकडून सुटी काडतुसे उसनी आणू नयेत. उसने देणे-घेणे कायद्यातही बसत नाही.

दुकानात काय विचारावे?

अर्ज करण्याआधी एक फेरी दुकानाची करावी. बंदुका पाहत बसू नये, काडतुसांचे विचारावे. बारा बोअरची पेटी शेवटची कधी आली? गेल्या वर्षी किती महिने माल नव्हता? कोणत्या छऱ्याचा माल येतो? एल.जी.चे छरे मोठे आणि संख्येने थोडे, एस.जी.चे त्याहून लहान आणि जास्त, चार-सहा नंबरचे बारीक. डुकराच्या चामड्याला बारीक छरा लावणे म्हणजे त्याला जखमी करून दुसऱ्याच्या शेतात पाठवणे. जखमी नर डुक्कर गवत कापणाऱ्या बाईवर जातो, हे ध्यानात असू द्यावे. दुकानदाराकडे एल.जी. नेहमी नसते, हे आधी कळलेले बरे.

चंदगडकडच्या मंडळींचा एक वेगळा घोटाळा होतो. त्यांना बेळगाव जवळ, कोल्हापूर लांब. पण परवाना ज्या हद्दीपुरता लिहून दिला असेल त्या हद्दीतच चालतो. आपल्या परवान्यावर काय लिहिले आहे ते वाचून मगच एस.टी.त बसावे. काडतुसे एका वेळी किती जवळ ठेवायची आणि वर्षात किती घ्यायची, हेही परवान्यावर लिहिलेले असते. लिहिलेल्या आकड्याच्या आतच, पण शक्य तितकी, हंगामाच्या दोन महिने आधी घेऊन ठेवावीत. भाताच्या लावणीनंतर सगळेच दुकानाकडे धावतात आणि तेव्हाच माल संपतो. प्लॅस्टिकच्या नळीची काडतुसे मागावीत, ती कागदी नळीसारखी फुगत नाहीत. तरी पितळी बूड हिरवे पडते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून आणि खताच्या पोत्यांपासून लांब, कुलपात ठेवावीत. डब्यावर खरेदीची तारीख पेन्सिलीने लिहावी आणि जुनी आधी वापरावीत.

काडतूस उडाले नाही तर लगेच बंदूक मोडून पाहू नये. नळीचे तोंड मोकळ्या दिशेला ठेवून साठपर्यंत मोजावे. कधीकधी बार उशिरा निघतो. आबांनी त्या रात्री लगेच उघडली होती. काही झाले नाही, हे त्यांचे दैव.

परवाना बंदुकीचा, मारण्याचा नव्हे

हा गैरसमज इतका पसरला आहे की जरा सविस्तर लिहितो. बंदुकीचा परवाना जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून मिळतो. त्यावरून रानडुक्कर मारता येत नाही. त्यासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वन खात्याची वेगळी लेखी परवानगी लागते. उभ्या पिकाला धोका झाला असेल तर कलम ११ प्रमाणे ती देता येते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. परवानगीने मारलेला प्राणीही सरकारी मालमत्ता. त्याचे वाटे घालायचे नसतात. गवा, मोर आणि हत्ती पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांच्यावर पिकासाठी बंदूक रोखायची नाही. आमच्याकडे हत्ती उसात शिरला तेव्हा एकाने छऱ्याची बंदूक आणली होती. शहाण्या माणसांनी त्याला घरी बसवला.

म्हणून वर्षातल्या बहुतेक रात्री तुमच्या बंदुकीचे काम आवाज करण्याचे आहे, आणि तोही बार बांधाच्या मातीत काढावा, आभाळात नको. लग्नात, वरातीत तर नकोच. २०१९ पासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनची पाच वर्षे झाली आणि एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. नुकसान झाले की वन खात्याकडे लगेच अर्ज करून पंचनामा करून घ्यावा, बंदूक असो वा नसो. ज्यांच्याकडे वीज आहे त्यांनी झटका यंत्राचे कुंपण आधी करून पाहावे. माझ्या मते एकरी खर्चात ते पुष्कळदा बंदुकीहून स्वस्त पडते. झटका म्हणजे यंत्राचा झटका, घरच्या लाइनीवरून तार सोडणे नव्हे.

आबांचे पुढे काय झाले, असे माळ्याजवळ भेटलेले लोक अजून विचारतात. त्यांनी सोळा बोअरची बंदूक परवानाधारक दुकानात रीतसर नोंदवून विकायला ठेवली, परवान्यात बारा बोअरच्या एकनळीची नोंद करून घेतली. या सगळ्याला सात महिने लागले. तोवर दुसऱ्या वर्षीचा भुईमूग पेरून झाला होता. माळ्याशेजारी पत्र्याच्या डब्यात पंचवीस काडतुसांची पेटी असते, वर पेन्सिलीने तारीख. गेल्या हंगामात त्यांतली चार उडाली, चारही बांधात.